‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे

मागच्या आठवड्यात एका तरुण सहकाऱ्याचा तक्ता माझ्याकडे तपासायला आला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातली अकरा औषधं आणि प्रत्येकासमोर त्याचा धोका-गुणांक. इथिनिलएस्ट्राडिओल, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक, यंत्राने ‘आढळले नाही’ म्हटलेलं, म्हणून त्याच्या रकान्यात ० आणि हिरवा रंग. मी तिथेच अडले. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं, आणि तो अहवाल तसाच पुढे गेला होता.

गुणांक काढायला काही कठीण नाही. पाण्यात मोजलेलं प्रमाण वर, ज्याच्या खाली जलचरांना अपाय होणार नाही असं मानलं जातं ते प्रमाण खाली. भागाकार १ च्या वर गेला की धोका. पण यंत्र ‘आढळले नाही’ म्हणतं तेव्हा ते फक्त आपल्या नजरेच्या टप्प्याबद्दल बोलत असतं. आमच्या पद्धतीचा टप्पा लिटरमागे ०.५ नॅनोग्रॅम. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये या संप्रेरकासाठी नद्या-तलावांकरता सुचवलेली मर्यादा ०.०३५ नॅनोग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या चौदापट होईपर्यंत आमचं यंत्र गप्पच बसणार! टप्प्याच्या निम्मा आकडा धरायची रूढ पद्धत वापरली तर गुणांक येतो ७. शून्य धरलं तर ०. बाटली तीच, पाणी तेच.

नदीत दहापट पाणी मिसळेल असं धरलं की ७ चे ०.७ होतात, हे खरं. पण पाऊस नसतो तेव्हा कित्येक ओढ्यांत वाहतं ते बहुतेक केंद्राचंच पाणी असतं. तेव्हा दहापट आणायचं कुठून?

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ या काळात हेच संप्रेरक मुद्दाम सोडलं होतं, लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांमध्ये अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, आणि पुढे त्या तलावातली ही जात संपायच्या बेताला आली. औषध थांबवल्यावर काही वर्षांनी मासे परतले. हा प्रयोग वाचल्यापासून मी नॅनोग्रॅमला किरकोळ म्हणत नाही.

तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा होता कार्बामाझेपिनचा, म्हणजे अपस्मारावरच्या औषधाचा. ते गाळातल्या जिवाणूंना फारसं दाद देत नाही. कधीकधी तर आत येतं त्यापेक्षा बाहेर जास्त निघतं. नव्या माणसाला वाटतं नमुनेच अदलाबदल झाले. खरं तर शरीराने साखरेच्या रेणूशी बांधून बाहेर टाकलेलं औषध केंद्रात पुन्हा सुटं होतं, आणि आपण आत येताना फक्त सुटंच मोजलेलं असतं.

भागाकाराच्या खालचा आकडा कसा येतो, हे एकदा तरी डोळ्यांनी बघावं. मी काही महिने डॅफ्नियाच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका इवल्याशा कवचधारी जिवाच्या, चाचण्या केल्या. एक दिवसाहूनही लहान पिल्लं, मोहरीहून बारीक, आरपार दिसणारी. एका पेल्यात पाच. ४८ तासांनी पेला हलकेच हलवायचा आणि १५ सेकंद बघायचं. पोहली नाहीत ती निश्चल म्हणून मोजायची. एखादं तळाशी पडून नुसते स्पर्शक हलवत असतं, पोहत मात्र नाही. तेही निश्चलच. अशा चाचण्या शेवाळावर आणि माशांवरही करतात, आणि त्यातल्या सगळ्यात नाजूक जिवाचा आकडा, म्हणजे ज्या प्रमाणात निम्म्या जिवांवर परिणाम दिसतो तो, १००० ने भागतात. कुणी म्हणतं हा भागाकार अतिरेकी आहे. मला तसं वाटत नाही. दोन दिवसांच्या पेल्यातून आपण जन्मभर त्याच पाण्यात राहणाऱ्या जिवाबद्दल बोलत असतो, आणि त्या पाण्यात एक नव्हे, अनेक औषधं एकत्र असतात.

सहकाऱ्याला मी तो रकाना बदलायला लावला. ‘०.५ पेक्षा कमी. गुणांक १४ पेक्षा कमी. निष्कर्ष काढता येत नाही.’ हिरव्याच्या जागी राखाडी. पुढच्या फेरीत या एका संप्रेरकासाठी जास्त पाणी घेऊन अर्क काढणार आहोत, टप्पा थोडा तरी खाली आणता येतो का ते बघायला. माझा पहिल्या वर्षीचा अहवालही काल शोधून काढला. दुरुस्तीचं पत्र लिहून झालंय, सोमवारी पाठवते.