मखराखालची पेटुनिया

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका नर्सरीतून मी हंगामी फुलांची 60 रोपं उचलली. पेटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस आणि थोडा बुटका झेंडू. एक रोप 25 रुपयांना, म्हणजे 1,500 रुपये झाले. पिशवीतच फुलं उमललेली बघून मी हरखले होते, आणि तिथंच फसले. एवढ्याशा पिशवीत फुलावर आलेल्या रोपाची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात. कुंडीत लावलं तरी ते हातपाय पसरत नाही. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं आणि निम्मी रोपं गेली.

म्हणून यंदा बी आणलं. पेटुनियाला पेरल्यापासून फूल यायला साधारण 12 आठवडे लागतात. नोव्हेंबरअखेर फुलं हवीत तर ऑगस्टअखेर पेरायला हवं, आणि तेव्हा तर आपल्याकडे धो धो पाऊस. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये रोपं आडोशाला ठेवतात ती थंडीपासून जपायला. आपल्याला छप्पर लागतं ते पावसासाठी. हा फरक मला कळायला एक आख्खं पाकीट वाया जावं लागलं.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झाल्यावर मखराचा पीव्हीसी पाइपचा सांगाडा माळ्यावर टाकायचा, तो मी गच्चीत नेला आणि त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आता त्यात काय बसवणार आहेस?" रोपं तयार करायचे, 98 कप्प्यांचे दोन प्रो-ट्रे आणले. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवून दोनदा धुऊन घेतलं, कारण त्यात बऱ्याचदा क्षार असतात.

पेटुनियाचं बी धुळीसारखं असतं. एका ग्रॅममध्ये हजारो दाणे! त्यामुळे लेप देऊन गोळी केलेलं बी घेतलं, 120 रुपयांना 50 दाणे. ते मातीआड करायचं नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. नुसतं वर ठेवायचं आणि फवाऱ्यानं लेप विरघळेल इतकं भिजवायचं. झेंडूचं तसं नाही. तो थोडा झाकून टाकला की चार-पाच दिवसांत वर.

आठव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मी इतकी खूश, की वारा लागू नये म्हणून मखराच्या चारी बाजू प्लॅस्टिकनं बंद केल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी फवारलं. आतून वाफ धरायची, ते बघून मला वाटायचं काय छान ऊब मिळतेय बाळांना. बाराव्या दिवशी सकाळी सगळी बाळं आडवी. देठ मातीलगत केसासारखा बारीक, पाणी भरल्यासारखा. यालाच रोपं कोलमडणं म्हणतात. ओल, कोंडलेली हवा आणि बुरशी. झेंडू थोडाफार वाचला, पेटुनियाचं एकही रोप उरलं नाही.

नर्सरीतल्या माळीदादांना विचारलं तर ते हसले. "ताई, छत्री घेऊन चालतो आपण, गोणी पांघरून नाही." चारी बाजू उघड्या केल्या, फक्त माथ्यावर प्लॅस्टिक. ताज्या कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळलं. वरून पाणी बंद. परातीत बोटभर पाणी घ्यायचं, त्यात ट्रे दहा मिनिटं ठेवायचा आणि उचलायचा. सप्टेंबरच्या मध्याला पेटुनियाचं दुसरं पाकीट पेरलं. पुढे पावसानं झोडपलं, पण ट्रेमध्ये थेंब नाही.

चार-सहा पानांवर रोपं आली तशी छोट्या पिशव्यांत हलवली. ऑक्टोबरात आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ उन्हात ठेवून त्यांना कणखर केलं. पेटुनियाचे शेंडे खुडताना जीव कासावीस झाला, पण खुडलं की बगलेतून फांद्या फुटतात आणि रोप भरगच्च होतं. खुडलेले शेंडे ओल्या कोकोपीटमध्ये खोचून बघितले. 15 पैकी नऊंना मुळं फुटली, म्हणजे नऊ रोपं फुकट.

आता हिशोब. पेटुनियाची दोन पाकिटं 240, बाकी तीन जातींचं बी 120, ट्रे 60, कोकोपीट 200, प्लॅस्टिक 90, ट्रायकोडर्मा 100. एकूण 810 रुपये, आणि रोपं झाली 110 च्या आसपास. माझ्या वेळेचे पैसे धरले तर नर्सरीच स्वस्त पडेल, पण ते कोण धरतंय. ट्रे आणि प्लॅस्टिक पुढच्या वर्षीही चालतील, कोकोपीटही अर्धं उरलंय.

साठ रोपं मी ठेवली, उरलेली सोसायटीत वाटली. समोरच्या काकूंची बाल्कनी दक्षिणेला, थंडीत दिवसभर ऊन. त्यांच्या पेटुनियाला माझ्याआधी आठ दिवस फुलं आली, आणि येता-जाता त्या मला खत कोणतं घालावं ते समजावून सांगतात.