जुनी डस्टर डिझेल: किंमत स्वस्त, पण बेल्टचा हिशेब आधी मांडा

२०१२ ते २०१९ या काळातली रेनो डस्टर डिझेल सध्या जुन्या बाजारात मोहात पाडणाऱ्या भावात मिळते. २०५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि खड्डे गिळणारं सस्पेन्शन या पैशांत दुसरीकडे मिळणं कठीण. पण खरेदीच्या किमतीवर आणखी ५० ते ७० हजार बाजूला ठेवता येत नसतील तर सौदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली दिलेले खर्च बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आणि ढोबळ आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल याहून जास्तच येतं.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा इंजिनातला रबरी पट्टा. डस्टरचं १४६१ सीसीचं के९के इंजिन ८५ आणि ११० पीएस अशा दोन रूपांत येतं आणि दोन्हींत चेन नसून बेल्ट आहे. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणजे ४० हजारांपासून पुढे कितीही. बेल्ट वेळेवर बदलला तर किट, वॉटर पंप आणि लेबर धरून १२ ते १८ हजारांत काम होतं. ८० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं, जे आधी होईल ते धरा. गाडी फक्त ४० हजार चालली आहे म्हणून बेल्ट नवा राहत नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. विकणारा 'बदललाय हो' म्हणाला तर तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून भाव करा.

हे काम करताना नुसता बेल्ट घालू देऊ नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलायचाच. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे तो सहा महिन्यांनी गळायला लागला तर तेवढंच लेबर पुन्हा भरावं लागतं. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्यावा. कॅमशाफ्ट आणि क्रँक लॉक करायच्या पिना मेकॅनिककडे आहेत का, हे आधी विचारा. पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट बसवणारा असेल तर गाडी तिथून हलवा. आणि बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट विसरू नका: तो फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला चांगला बेल्टही घसरतो. हजार-दोन हजारांच्या बेल्टपायी अख्खं हेड गेल्याची उदाहरणं या इंजिनात आहेत.

क्लच हा दुसरा मोठा खर्च. रिलीज बेअरिंग आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा भाग) एकाच तुकड्यात, गिअरबॉक्सच्या आत आहे. त्याचं सील गेलं की पेडल खाली जाऊन तिथेच राहतं आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरते, कारण टाकी एकच आहे. नुसता सिलिंडर बदलायलाही गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि सिलिंडर एकदमच बदला. ८५ पीएसच्या गाडीला १५ ते २२ हजार, ११० पीएसच्या गाडीला २० ते ३० हजार. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) खडखडत असेल तर आकडा बराच वर जातो. तपासायला सोपं आहे: चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच संपलाय.

पिकअप पडला आणि काळा धूर आला की बरेच गॅरेजवाले थेट टर्बोचं नाव घेतात. आधी इंटरकूलरचे (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाचे) रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प बघायला लावा. फाटलेल्या पाइपला काही हजार लागतात, टर्बोला रिकंडिशन केला तरी १५ ते २५ हजार. मग ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करून घ्या, शहरात हळू चाललेल्या गाडीत तो काजळीनं भरलेला असतो. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, तेल साचलेलं असेल तर मात्र टर्बोचा शाफ्ट हलवून बघा.

इंजेक्टरसाठी लीक-बॅक चाचणी करायला सांगा: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन आयडलवर ठेवायचं. एका बाटलीत इतरांपेक्षा स्पष्ट जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला. नवा बसवल्यावर त्यावरचा कोड स्कॅनरनं ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. तो न भरल्यामुळे गाडी थरथरते आणि दोष उगाच नव्या इंजेक्टरवर येतो.

ऑइलबाबत काटकसर नको. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या या इंजिनाला रेनोच्या आरएन०७१० मान्यतेचं ५डब्ल्यू-४० लागतं, आणि १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष यापलीकडे ताणू नये. जुनं ऑइल या इंजिनाच्या बेअरिंगांना सोसत नाही.

सस्पेन्शन दणकट आहे. पुढचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश वाजतात, पण तेवढंच, आणि खर्च आवाक्यातला आहे. इंजिनाचे पार्ट मिळण्याची चिंता फारशी नाही, कारण निसानची टेरानो, सनी, मायक्रा आणि महिंद्राची व्हेरिटो यांच्या डिझेलमध्येही के९के आहे. अडचण येते ती बॉडीच्या भागांची आणि एएमटी (क्लच-पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीच्या ॲक्च्युएटरची, म्हणजे क्लच-गिअर हलवणाऱ्या यंत्रणेची. एएमटी घ्यायचीच असेल तर गरम इंजिनवर, ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवून बघा.

एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) गाडीत चारही टायरची झीज सारखी हवी. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील तर मागच्या चाकांना ताकद जोडणारी कपलिंग विनाकारण तापते. म्हणजे २१५/६५ आर१६ चे चार टायर एकदम घ्यायची तयारी ठेवा.

महाराष्ट्रात दिसणाऱ्या फार स्वस्त डस्टरचा मूळ नंबर दिल्लीचा तर नाही ना, हेही बघा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यामुळे अशा गाड्या बाहेरच्या राज्यांत येतात. एनओसी, चासी नंबर आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स यांची चौकशी आरटीओत आधीच करा आणि तो टॅक्स गाडीच्या किमतीत धरून मगच भाव करा.