झुलीखालची लोकर

कातरणीच्या दिवशी माझी जागा टेबलापाशी. कातरणाऱ्याने मेंढी मोकळी केली की तिची अख्खी लोकर सलग माझ्यापुढे येते. ती टेबलावर पसरायची, कडेचा शेणामुताने माखलेला भाग तोडून टाकायचा आणि उरलेल्या लोकरीची प्रत ठरवायची, हे माझं काम.

त्या दिवशी कळप मेरिनोंचा, म्हणजे बारीक, मऊ लोकरीच्या जातीच्या मेंढ्यांचा होता. निम्म्या मेंढ्यांना लोकर स्वच्छ राहावी म्हणून वर्षभर कापडी झूल घातलेली, निम्म्या उघड्याच. रान एक, चारा एक, त्यामुळे फरक कशाने पडला याबद्दल शंकाच नव्हती.

आधी उघड्या मेंढ्या घेतल्या. पाठीवरची एक बट दोन बोटांत धरून उकलली, तर धूळ नखभर आत उतरलेली. टोकं उन्हाने पिवळट, खरखरीत झालेली. ओढली की तुटत होती. अशी टोकं रंगही नीट धरत नाहीत, एकाच धाग्यात दोन छटा दिसतात. शिवाय कुसळं आणि गोखरू. कुसळ धुऊन जात नाही. पिंजताना त्याचे आणखी बारीक तुकडे होतात आणि ते थेट सुतात जातात. गिरणीत अशी लोकर सौम्य गंधकाम्लात बुडवून तापवतात, म्हणजे काडीकचरा जळून ठिसूळ होतो आणि चिरडून झाडता येतो. पण त्यात लोकरीचीही ताकद कमी होते. मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक. इतक्या नाजूक मालाला आम्लात घालावं लागतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मग झुलीतली पहिली मेंढी आली. बट उकलली आणि मुळापासून टोकापर्यंत तोच पांढरा रंग, तीच चमक, कुरळ्या लाटा एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट. हाताला लोकरीचा मेणचटपणा लागत होता, धूळ नाही. मानेपाशी मात्र कचरा होताच. झूल तिथवर पोचत नाही आणि वरून टाकलेलं गवत सगळ्यांच्याच मानेवर पडतं. चारा खाली, गव्हाणीत द्यावा असं मी म्हणतो ते यासाठी.

अशा चार-पाच लोकरी हातांखालून गेल्यावर एक धिप्पाड मेंढी आली. झूल सोडली आणि कातरणारा थांबला. खांद्यांवर आणि छातीवर मोकळी लोकर नव्हतीच, नमदा होता, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून झालेला घट्ट थर. मशीनचे दाते त्यात शिरेनात. मशीन बंद करून त्याने कात्री मागितली. मी मेंढीचं डोकं धरलं आणि आम्ही थोडी थोडी करून ती ढेप कापली. खाली कातडी लालभडक, दमट. अशा दमट जागी माशी अंडी घालते, म्हणून प्रत्येक घडी उघडून पाहिली. अळ्या नव्हत्या.

मागच्या कातरणीनंतर घातलेली लहान झूल तिच्या अंगावर तशीच राहिली होती. लोकर वाढत गेली, झूल तेवढीच. घट्ट कापडाखाली ऊब, घाम आणि चालताना सतत घासणं, एवढ्यावर नमदा बनतो.

मालक म्हणाले, “झूल आहे ना, म्हणून मी निर्धास्त होतो.”

“झूल आहे म्हणूनच जास्त बघायचं, मालक,” मी म्हटलं. वर्षात दोन-तीनदा मोठ्या मापाची घालावी लागते. खांद्यावर आणि छातीखाली तळहात सहज सरकला पाहिजे. मागच्या पायांचे फास निसटले आहेत का, कापड कुठे फाटून कुंपणात अडकतंय का, हे रोज बघायचं. कापड हवा खेळेल असंच हवं. प्लॅस्टिकखाली लोकर कुजते. वीण जवळ आली की झूल काढायची, नाहीतर कोकराला सड सापडत नाही किंवा ते पट्ट्यात गुंततं. एवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने मेंढ्या उघड्या ठेवाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

संध्याकाळी कातरलेल्या मेंढ्यांना अंग स्वच्छ असतानाच सर्वांत लहान मापाच्या धुतलेल्या झुली चढवल्या. त्या एकीला मात्र मी घालू दिली नाही. कातडी भरून येईपर्यंत तिला आडोशाला, सावलीत ठेवायचं ठरलं. मालकांनी वही आणली आणि कुठल्या मेंढीला कुठलं माप, पुढचं माप कधी, हे दारातच उभं राहून माझ्याकडून लिहून घेतलं.