पोळ्याच्या पाडव्याला मुलांसह नागपूर

नागपूरला कधी जावं असं विचारलं की बहुतेक जण डिसेंबर-जानेवारी सांगतात. थंडी असते, संत्री असतात, फिरायला बरं पडतं. आम्ही मात्र मुद्दाम पोळ्याच्या सुमारास गेलो आणि मुलं बरोबर असतील तर मी हाच काळ सुचवेन. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत, म्हणजे इडापिडा घालवायला काढलेली मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि त्याच संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या मुलांचा पोळा. हातानं घडवलेल्या इतक्या गोष्टी एकाच दिवशी रस्त्यावर येतात, आणि त्यात मुलांचा असा हक्काचा वाटा असतो, हे मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलेलं नाही.

आम्ही नाशिकहून पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या सासूबाई. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, त्यामुळे गाडीनं जायचा मोह होतो. पण सरळसोट रस्त्यावर तासन् तास एकाच वेगानं चालवताना डोळा लागायची भीती असते आणि मुलंही कंटाळून जातात. आम्ही विदर्भ एक्सप्रेस घेतली. रात्री झोपलं की सकाळी नागपूर. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मिळेल अशा बेतानं तिकीट आधीच काढलेलं बरं, कारण पोळ्याला विदर्भातली बाहेर राहणारी मंडळी घरी निघालेली असतात.

मुक्काम नंदनवन भागात, माझ्या मावसबहिणीकडे, म्हणजे ताईकडे. हॉटेलात राहणार असाल तर सीताबर्डीच्या आसपास बघा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, खापरीकडून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी ऑरेंज आणि लोकमान्य नगरहून प्रजापती नगरकडे जाणारी अ‍ॅक्वा, सीताबर्डीलाच एकमेकींना भेटतात. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे सासूबाई एकदाही अडल्या नाहीत. अडचण स्टेशनातून बाहेर पडल्यावर सुरू होते. इतवारी-महालच्या गल्ल्यांत फुटपाथ असला तरी त्यावर दुकानाचा माल आणि उभ्या दुचाक्या. तेव्हा वयस्कर माणूस बरोबर असेल तर स्टेशनपासून पुढे थेट ऑटो करा. इथे रिक्षा म्हटलं तर सायकलरिक्षा समजतील, म्हणून ऑटोच म्हणा. पैसे आधी ठरवून घ्या.

मुलांना मेट्रोत बसवायचंच तर ऑरेंज मार्गिकेवर गड्डीगोदामपर्यंत जा. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार थर आहेत. धाकट्यानं तेवढ्यासाठी दोनदा फेरी मारायला लावली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही चितार ओळीत गेलो. महालला लागून असलेला हा मूर्तिकारांचा जुना मोहल्ला, मेट्रोचं स्टेशनही त्याच नावाचं. गणेश चतुर्थी चार-पाच दिवसांवर आलेली असते, त्यामुळे घराघराच्या ओसरीवर, मांडवात, अगदी रस्त्याच्या कडेलाही मूर्ती उभ्या असतात. पाऊस आला की प्लास्टिकचे पडदे सरसर खाली. एका मांडवात एक बाई गणपतीच्या अंगाला रंगाचा शेवटचा हात देत होत्या, पण डोळ्यांच्या जागा कोऱ्याच होत्या. लेकीनं कारण विचारलं. "डोये काढले का मंग मूर्तीले हात नाही लावत बेटा, म्हणून सगळ्यात शेवटी," त्या म्हणाल्या आणि बारीक कुंचला पुसून बाजूला ठेवला. लेक तिथून हलायला तयार नव्हती. मोहल्ल्यात कामाची गडबड असते, तेव्हा वाटेत उभं राहू नका आणि फोटो विचारून काढा. विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

याच भागात तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी विकायला येतात. हातभर लांबीचे, चाकं लावलेले, दोरीनं ओढायचे. रंगवलेले असतात तसे कोरेही मिळतात. माझा सल्ला, कोराच घ्या. पोस्टर रंग, मणी, चमकीचा कागद आणि फेविकॉल एवढं तिथल्याच दुकानांतून घ्या आणि मुलांच्या हाती देऊन आपण दुसऱ्या खोलीत जा. आमच्या लेकीनं नाशिकचा बैल म्हणून झुलीवर द्राक्षांचे घड काढले. धाकट्यानं, बाहेर पाऊस आहे म्हणून, बैलाला द्रोणाची छत्री बांधली. ती शिंगांच्या मध्ये कशी उभी राहावी यावर त्याचा अर्धा तास गेला. आधी सुतळी बांधली, ती सुटली. मग शिंगांतून काडी आडवी घातली आणि तिच्यावर द्रोण बसवला. मी आत पुरणाला बसले होते. मदतीला गेले असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं, पण आडव्या काडीची युक्ती त्याला सुचली नसती. कल्पना सुचायला मुलांना रिकामा वेळ लागतो, बिघडलं तरी चालेल अशी वस्तू लागते आणि मोठ्या माणसानं जरा लांब राहावं लागतं, हे मी गेली काही वर्षं शाळेत शिकवताना बघते आहे. सणानं या तिन्ही गोष्टी आयत्या जमवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. बांबूच्या सांगाड्यावर कागद-कापड चढवून केलेल्या या बायकांच्या प्रचंड आकृत्या ढोलताशांच्या गजरात निघतात आणि "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" या आरोळीनं गल्ली दणाणते. बाकाबाई भोसले इंग्रजांना मिळाल्या म्हणून लोकांनी काळी मारबत काढायला सुरुवात केली, अशी कथा नागपूरकर सांगतात. पिवळीला मात्र देवीचा मान. तान्ह्या बाळांना तिच्या पायावर घालायला आयांची रांग लागते.

मला सगळ्यात जास्त आवडले ते बडगे. मारबतींबरोबर निघणारे हे पुरुषी पुतळे, त्यांच्या गळ्यात त्या वर्षीच्या तक्रारींच्या पाट्या. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, जे काही लोकांच्या मनात सलत असेल ते. कुणीतरी बसून ठरवतं की यंदा कशाचा बडग्या करायचा, त्याचं तोंड कसं करायचं, हातात काय द्यायचं. नुसती चीड असती तर ती कट्ट्यावर बोलून संपली असती. इथे तिला आकार मिळतो, शेजारपाजारचे चार हात लागतात आणि ती सगळ्या शहरासमोर उभी राहते. वस्तीचं नियोजन करणाऱ्यांनी दर वर्षी या मिरवणुकीत वही घेऊन चालावं असं मला मनापासून वाटतं. कुठल्या पाहणीत न सापडणाऱ्या गोष्टी तिथे पाटीवर लिहिलेल्या असतात.

जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याच्या चौकात समोरासमोर येतात, तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर त्या चौकात जाऊच नका. चितार ओळ किंवा अग्रसेन चौकाच्या स्टेशनवर सकाळी लवकर उतरा, मिरवणुकीच्या वाटेवर एखाद्या दुकानाच्या पायऱ्या गाठा आणि दुपारी गर्दी दाटायच्या आत निघा. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, पाण्याची बाटली घ्या, दागिने घरी ठेवा. ढोल कानाशी वाजतात, धाकट्याला आम्ही कापसाचे बोळे दिले होते. बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात, तेव्हा औषधं आणि दूध आदल्या दिवशीच आणून ठेवा.

संध्याकाळी ताईच्या कॉलनीत तान्हा पोळा. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असं मानतात. कॉलनीची तयारी आठवडाभर चाललेली. चार वाजता सगळ्यांनी गाड्या मागच्या मैदानात नेऊन लावल्या, रस्त्याच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले, मधे आंब्याच्या पानांचं तोरण. ज्या आजी-आजोबांना जिना उतरवत नाही त्यांच्या फाटकासमोर मिरवणूक थांबायची. चालायला शिकलेली पोरं सगळ्यात पुढे, सातवी-आठवीची मागे. बक्षीस सगळ्यांना सारखं, पण प्रत्येकानं आपल्या नंदीबद्दल दोन वाक्यं सांगायची. धाकट्यानं छत्री दाखवली तेव्हा एक आजोबा म्हणाले, "बैलाले छत्री! आमच्या बैलाले कोणी पोतंही नाही पांघरलं बापा." आणि त्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, म्हणून दहाची नोट ठेवली.

एका पाचवीतल्या मुलानं नंदीच्या पाठीवर बडग्यासारखी पाटी लावली होती: "आमची नाली साफ करा, पाणी घरात येते." लोक हसले नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठावरच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं तिच्या वाटेत आपण भिंती घातल्या, तर पाणी वाट काढणारच. मिरवणूक संपल्यावर तिथेच खुर्च्यांवर बसून कॉलनीतल्या लोकांनी त्या नालीचा विषय काढला. कुठल्या घराच्या ओट्यानं ती अडली आहे, ओटा किती मागे घ्यायचा, खर्च कोणी किती उचलायचा. ज्यांचा ओटा होता ते काका पण बसले होते. एरवी हाच विषय सभेत निघाला की भांडण होतं, असं ताई म्हणाली. आज मुलाची पाटी समोर होती आणि सगळ्यांची पोरं तिथेच खेळत होती. काकांनी ओटा दीड फूट मागे घ्यायचं कबूल केलं. अंधार पडेपर्यंत एका वहीत नालीचा कच्चा नकाशाही निघाला, आणि उतार कुठे आहे हे मुलांनीच दाखवलं, कारण पावसात कागदाच्या होड्या तिथून कुठे जातात हे त्यांना पाठ होतं.

सोसायटीच्या बैठकांना मुलांना बाहेर खेळायला पाठवायची आपली पद्धत मोडली पाहिजे, असं मला त्या संध्याकाळपासून वाटतं आहे. आमच्या नाशिकच्या सोसायटीत पार्किंगचा आराखडा व्हायचा आहे. त्याआधी मुलांना खडू देऊन, तुम्ही कुठून पळता ते जमिनीवर आखा, असं सांगायचं मी सेक्रेटरींकडून मान्य करून घेतलं आहे.

उरलेल्या वेळात गांधीसागर तलावासमोरच्या रामन विज्ञान केंद्रात गेलो. १९९२ पासून चालू असलेलं हे केंद्र मुलांना सगळं हाताळू देतं, शेजारी तारांगण आहे. अर्धा दिवस तरी राखून ठेवा. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन सरकारी वित्त खात्यात नोकरी करत असताना काही काळ नागपुरात होते आणि कलकत्त्यात तर कचेरीच्या आधी आणि नंतर प्रयोग करत, हे मी लेकीला सांगितलं. दीक्षाभूमीला सकाळी गेलात तर शांतता मिळते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. आज उभा असलेला स्तूप आतून पूर्ण पोकळ, मोठा घुमट आहे. मुलांना आत जाण्याआधी थोडा इतिहास सांगून ठेवा.

खाण्याचं थोडक्यात: सकाळी तर्री पोहे, पण मुलांना तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागा. सावजी रस्सा मोठ्यांनीच खावा आणि तोही दुपारी. सांबारवडी (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर) गरम मिळाली तरच घ्या.

परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा. तान्ह्या पोळ्यानंतर गणपतीची गर्दी लगेच सुरू होते आणि वेटिंगवर राहिलात तर मुलांसह अवघड जातं. नंदी आणणार असाल तर चाकं काढून वेगळी बांधा, शिंगांना टॉवेल गुंडाळा आणि बर्थखाली आडवा ठेवा. वर ठेवला तर शिंग मोडतं.