केदारकांठा नोव्हेंबरअखेर: स्पाइक्सशिवाय जाऊ नका, कोणी काहीही सांगो

परवा रात्री उत्तराखंडातला केदारकांठ्याचा ट्रेक करून पुण्यात परतलो. अजून सॅक पूर्ण रिकामी केलेली नाही, जिना उतरताना मांड्या ओरडतायत, पण हे आत्ताच लिहायचंय कारण डिसेंबरच्या बॅचेसचं बुकिंग सध्या चालू आहे आणि ज्या माणसाने आम्हाला फोनवर "मॅडम, नोव्हेंबरमध्ये कुठला बर्फ, स्पाइक्स डिसेंबर एंडनंतर लागतात, तुम्ही तर सह्याद्रीवाले, पळत उतराल" असं सांगून पैसे घेतले, तो हेच वाक्य आजही कोणाला तरी ऐकवत असणार. (स्पाइक्स म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून बुटावर ओढून चढवायचं रबर, खाली साखळी आणि स्टीलचे दात.) बर्फ होता. जंगलात घोट्यापर्यंत, वर नडगीपर्यंत. आणि खरं सांगायचं तर त्या बर्फाचा त्रास नाहीच झाला, तो मऊ असतो, पाय रुततो, चालता येतं. वाट लावली ती पानांखाली काचेसारखं गोठलेल्या पाण्याने, त्याबद्दल कोणीही आम्हाला अवाक्षर बोललं नव्हतं.

आम्ही सहाजण. मी, दादा-वहिनी, कॉलेजपासूनची मैत्रीण, तिचा नवरा आणि त्याच्या ऑफिसमधला एकजण. सगळे राजगड-तोरणा केलेले, कात्रज ते सिंहगड रात्रीचा केलेले. आतकरवाडीतून सिंहगड तासाभरात न थांबता जमत असेल तर केदारकांठ्याच्या चढाची काळजी करू नका, जमत नसेल तर दोन महिने दर रविवारी तो करा आणि मग बुकिंग करा, त्यापलीकडे फिटनेसवर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. गिअरचंही तेच. थर्मल, फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट, दोन जोड ग्लोव्ह्ज हे सगळ्यांना माहीतच असतं.

जायचं कसं ते पटकन सांगते. पुणे-दिल्ली विमान, दिल्लीहून रात्रीची नंदादेवी एक्सप्रेस, पहाटे देहरादून, तिथून जीप. मसुरी, नैनबाग, डामटा, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड करत सांकरी, साधारण २०० किमी, आम्हाला सव्वानऊ तास लागले. वळणं भयानक आहेत, गाडी लागत असेल तर गोळी देहरादूनलाच घ्या, मसुरीनंतर घेऊन काही उपयोग होत नाही हे मैत्रिणीच्या नवऱ्याने सिद्ध केलं. कॅश पुरोल्यातच काढून ठेवा. पुरोल्यानंतर जरमोल्याचं चिडाचं जंगल लागतं तिथे चहाला थांबा. नैटवाडला रुपिन आणि सुपिन या दोन नद्या मिळून टोन्स होते, आणि तिथेच गोविंद अभयारण्याचं चेकपोस्ट आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा. अभयारण्याची फी आमच्या "सगळं इन्क्लुडेड" पॅकेजमध्ये नव्हती, ती वेगळी भरली. रक्कम मोठी नव्हती पण वाईट वाटायला सुरुवात तिथून झाली.

सांकरीत पोचलो तर गावाच्या वरचं सगळं जंगल पांढरं. आठवडाभर आधी पडून गेला होता. गल्लीतल्या दुकानात स्पाइक्सची चौकशी केली तर २०० रुपये रोज, एका जोडीचे, आणि ट्रेक पाच दिवसांचा म्हणून पाचही दिवसांचे पैसे आधी, वर डिपॉझिट. म्हणजे सहाजणांचे सहा हजार. वापर होणार दीड दिवस! शेजारच्या दुकानात तोच भाव, त्याच्या शेजारीही तोच. कॅम्पवाल्याला विचारलं तर तो म्हणाला तुमची मर्जी. दादा भडकला, मीही भडकले, आणि फोनवर तर सांगितलंय लागत नाहीत, मग कशाला असं म्हणून आम्ही दोनच जोड घेतले. ही चूक आमची, ती मी कोणावर ढकलत नाही. पण लूट ती लूटच, आणि बर्फाची माहिती आधी लपवली की सांकरीत माणूस अडतो आणि मिळेल त्या भावात घेतो, हे सगळं मिळून चाललेलं आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

पहिला दिवस जुडा का तालाब, सांकरी ६,४०० फुटांवर आणि तलाव ९,१०० फुटांवर, चार-एक किमी, सिंहगडापेक्षा थोडा जास्त चढ. दुसरा दिवस बेस कॅम्प, ११,२५० फूट. दोन्ही दिवस मस्त, तलावाच्या कडेने बर्फाची साय धरली होती, फोटो तुम्ही शंभर पाहिले असतील. रात्री पाण्याची बाटली टेंटमध्ये उलटी ठेवा, पाणी वरून गोठायला लागतं त्यामुळे झाकणाकडचं मोकळं राहतं. हेडलॅम्पचे सेल आणि फोन स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला निघालो, सात वाजायच्या सुमाराला माथ्यावर. १२,५०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सूर्य वर आला आणि समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग एकेक करून पेटत गेले, काळानाग तर ६,३८७ मीटर, आणि वहिनी, जी कधीच रडत नाही, ती माझा हात घट्ट धरून रडत होती. मी वीस वर्षं डोंगर फिरतेय, असं काही पाहिलं नव्हतं. वर चढताना बर्फ कडक होता पण गाईडने पायऱ्या खणून दिल्या होत्या, त्यामुळे काही वाटलं नाही. तर जायचंच. मी जाऊ नका असं म्हणत नाहीये हे इथेच सांगून ठेवते.

आता तो उतार.

बेसला परत येऊन, खाऊन, आवरून एक वाजता हरगावच्या, म्हणजे उतरतानाच्या दुसऱ्या वाटेवरच्या कॅम्पच्या, दिशेने निघालो. बेस सोडलं की थोडं मोकळं आणि मग जंगल, खरसू (तिकडचा ओक), देवदार आणि मधेमधे मेपल, ज्याची सगळी पानं गळून वाटेवर पडलेली. तिथून पुढचा साधारण दीड किलोमीटर. एरवी पाऊण तासाची वाट, आम्हाला तीन तास दहा मिनिटं लागली.

असं का होतं ते नंतर गाईडशी बोलून कळलं आणि ते समजून घ्या कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. केदारकांठा सांकरीच्या दक्षिणेला आहे, म्हणजे सांकरीकडून चढणारी-उतरणारी ही सगळी जंगलातली वाट डोंगराच्या उत्तर अंगाला. नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य भर दुपारीसुद्धा चाळीस अंशांपर्यंत चढत नाही, त्यामुळे काही ठिकाणी दिवसभरात ऊन जमिनीला लागतच नाही. पण झाडांच्या शेंड्यांना लागतं. शेंड्यांवरचा बर्फ दुपारी वितळून खाली टपकतो, पानांच्या थरात झिरपतो आणि रात्री गोठतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यावरून खेचरं आणि पन्नास-शंभर माणसं जाऊन वाट घोटली जाते. आठवड्यात तिथे दोन बोटं जाडीचा, पॉलिश केल्यासारखा बर्फ तयार होतो आणि त्यावर वाऱ्याने नवी पानं येऊन पडतात. तुम्हाला दिसतात ती छान कोरडी तपकिरी पानं. सह्याद्रीतल्या माणसाचा पाय आपोआप तिकडेच जातो, कारण आपल्याकडे बर्फ नाही आणि पानं दिसली म्हणजे माती आली हे डोक्यात बसलेलं. गाईड पहिल्यापासून ओरडत होता, "दीदी, पत्ते पे पैर मत रखना, सफेद पे रखो," आणि तरी पाय पानांवरच जात होता.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-मुरमाच्या उतारावर, आपण सगळे उतरलोय. घसाऱ्यावर घसरलं तर चार फुटांवर थांबतो, कारवीचं खोड हाताला येतं, खरचटतं आणि उठतो. इथे थांबतच नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याचा ऑफिसवाला मित्र पहिल्याच वळणावर बसका आपटला आणि पंधरा-वीस फूट तसाच गेला, एका देवदाराच्या बुंध्याला सॅक अडकली म्हणून थांबला. त्यानंतर कोणी बोलेना. दोन जोड स्पाइक्स होते, ते एक वहिनीला आणि एक त्याला दिले. अर्ध्या तासात वहिनीच्या उजव्या पायातल्याचं रबर तुटलं, थंडीने कडक झालेलं जुनं रबर, साखळी लोंबायला लागली आणि त्यातच पाय अडकून ती हातावर पडली. मनगट लगेच सुजलं. दादा तिला "बस, उठू नकोस" म्हणत होता आणि ती "अरे इथे बसून गोठू का" म्हणत उठत होती. मफलरची झोळी करून हात गळ्यात बांधला. देहरादूनला एक्स-रे काढला, हेअरलाइन फ्रॅक्चर.

आम्हाला तिथून बाहेर काढलं ते गाईडने. सांकरीचाच मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, पायात साधे गमबूट. त्याने सगळ्यांना लोकरीचे जास्तीचे पायमोजे काढायला लावले आणि ते बुटांवरून चढवायला सांगितले. मला वाटलं हा काय प्रकार, पण खरंच पकड येते, लोकर बर्फाला धरते. स्पाइक्सची सर नाही, पण पाऊल ठरतं. सगळ्यात वाईट तीन-चार टप्प्यांवर तो पुढे जाऊन कुऱ्हाडीने कडेची माती उकरायचा आणि वाटेवर पसरायचा, मग आम्ही एकेक करून जायचो, तो खाली उभा राहून प्रत्येकाचा बूट हाताने धरून जागेवर ठेवायचा. सहा माणसांचे बूट, तीन तास. त्याला आम्ही शेवटी जे दिलं ते कमीच होतं असं मला अजून वाटतंय.

हरगावला पोचलो तेव्हा अंधारलेलं. हे पण लक्षात घ्या, तिकडे नोव्हेंबरअखेर सव्वापाच-साडेपाचला सूर्य मावळतो, पुण्यापेक्षा चांगला अर्ध्या तासाहून आधी, आणि जंगलात त्याच्याही आधी दिसेनासं होतं. आपल्या डोक्यात सहाचा हिशोब असतो, तो घरी ठेवून या.

माझं मत विचाराल तर स्पाइक्स स्वतःचे घ्या. पुण्यात आल्यावर मी ऑनलाइन मागवले, दीड हजाराच्या आसपास पडले, म्हणजे सांकरीच्या पाच दिवसांच्या भाड्यात थोडी भर घातली की कायमचे झाले. साखळी आणि स्टीलचे दात असलेलेच घ्या, रबरात नुसते खिळे ठोकलेले येतात ते घेऊ नका, खिळे पडतात. घेतल्यावर एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी लगेच बुटावर ओढून बघा, रबर ताणलं गेलं पाहिजे. भाड्याने घ्यावेच लागले तर दुकानात दोन्ही पाय घालून रबर जोरात ओढून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा, आणि भाव पूर्ण ट्रेकचा ठरवा, रोजाचा नाही. आम्हाला उतरल्यावर कळलं की बाजूच्याच होमस्टेवाल्याने दुसऱ्या ग्रुपला तेच ४०० रुपयांत पूर्ण ट्रेकसाठी दिले होते. आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना हवेत. दोघांना आहेत, चौघांना नाहीत, याला अर्थ नाही, कारण पूर्ण ग्रुप सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने उतरतो. फक्त एक, स्पाइक्स आहेत म्हणून कोरड्या दगडावर तेच घालून चालू नका, दात जातात आणि घोटाही मुरगळतो, काढघाल करायचा कंटाळा करू नका.

काठ्या दोन घ्या, एक नाही, आणि उतारावर त्या लांब करा. बुटाचा सोल नवाकोरा आहे म्हणून खूश होऊ नका, असल्या बर्फावर कुठलाही सोल चालत नाही, माझे सात हजाराचे बूट आणि मैत्रिणीचे जुने सारखेच घसरले. जंगलाचा हा पट्टा दुपारी उशिरा करू नका. माथ्यावरून आल्यावर बेसला जेवण, झोप, पत्ते असं करत बसलात तर अंधारात सापडाल, अकरापर्यंत बेस सोडाच. आणि पायाचा अंदाज येत नसेल तर सरळ आल्या वाटेने, तलावावरून उतरा, आमच्या पुढच्या ग्रुपला गाईडने तसंच नेलं आणि ते चारला चहा पीत होते. ती वाट पण गोठलेली होती, पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुकड्यातुकड्यानं.

बुकिंग करताना फोनवर एकच प्रश्न विचारा, मागच्या चार दिवसांत वर गेलेल्या ग्रुपचा कालचा फोटो पाठवा. महिना, सीझन, सरासरी असलं काही ऐकून घेऊ नका, कालचा फोटो. पाठवत नसतील तर दुसरीकडे बघा. आम्ही परत आल्यावर त्या माणसाला फोन केला, वहिनीच्या हाताचं सांगितलं, तर म्हणाला "मॅडम यावर्षी लवकर पडला, आमच्या हातात थोडीच आहे." पडणं हातात नसेल, पण आम्ही निघायच्या आठ दिवस आधी पडलेला बर्फ सांगणं हातात होतं. एक मेसेज पुरला असता.

वहिनीचं प्लास्टर अजून महिनाभर आहे. ती कालच म्हणाली की पुढच्या वर्षी परत जाऊ, हरगावकडूनच उतरू, सगळ्यांना स्पाइक्स घालून, आणि मी हो म्हटलंय.

पायमोज्यांचं राहिलं. बुटावरून घालायचे ते लोकरीचेच हवेत, जाड आणि एक नंबर मोठे, म्हणजे बुटावर चढतील. मैत्रिणीने सिंथेटिकचे घातले होते, त्यांनी काहीही पकड आली नाही.