अंदमानची ओहोटी आणि तो काळा ठिपका

अंदमानहून येऊन दोन महिने झाले. सेल्युलर जेलबद्दल लिही असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण त्या कोठडीसमोर आई जी काही न बोलता उभी राहिली त्यावर मला अजून लिहिता येत नाहीये, ते राहू दे. रॉस बेट, लाइट अँड साउंड शो, खरेदी, सगळं झालं, सगळ्यांचं होतं तसंच. मला लिहायचंय ते एका दुपारच्या चिखलाबद्दल, कारण ती दुपार डोक्यातून जातच नाहीये.

पण आधी जॉली बॉय बेटाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) वंडूरला जाताना वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. ड्रायव्हर म्हणाला ही सगळी भातशेती होती, 2004 च्या त्सुनामीच्या वेळी जमीनच खाली बसली आणि समुद्र आत आला तो आलाच. मधेच जुन्या झाडांचे वाळके खुंट दिसतात, आणि कडेकडेने कांदळांची (मँग्रोव्हची) नवीन झाडं. आई खिडकीतून बघत होती, ती खारेपाटातली आहे, शेतात खारं पाणी शिरणं म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. ती एवढंच म्हणाली, "बांध फुटला की असंच."

वंडूरला महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्क आहे, 1983 पासूनचं. तिथे प्लास्टिकची तपासणी एकदम कडक, बिस्किटाचा पुडासुद्धा काढून घेतात, पाण्याची बाटली डिपॉझिट भरून घ्यायची आणि परत दाखवायची. आमच्या ग्रुपमध्ये यावर खूप कुरकुर झाली, मला मात्र मनापासून आवडलं. मग बोट सुटते आणि बराच वेळ खाडीतून जाते, दोन्ही बाजूंना कांदळवन, पाण्यात उतरलेली कमानीसारखी मुळं, इतकं दाट की आतला काळोख दिसतो. आणि बोटीत काय चाललं होतं तर अंताक्षरी. आमचा टूर मॅनेजर माइकवर म्हणाला, "आत्ता बघण्यासारखं काही नाहीये, नुसती झाडी आहे, आयलंड आलं की सांगतो." चाळीस माणसांनी ऐकलं आणि मोबाइल काढले. खरं सांगायचं तर मीही काढला.

जॉली बॉयला मात्र स्नॉर्कलिंग केलं आणि गप्पच झाले. 2010 मध्ये पाणी तापून इथलं बरंच कोरल पांढरं पडून मेलं असं गाइड सांगत होता आणि ते दिसतंही, मोडक्या फांद्यांचा खच आहे, पण अधूनमधून जिवंत कोरल आहे आणि तिथे मासे आहेत. एका ताटासारख्या पसरट कोरलखाली वीतभर लांबीचे पंधरावीस मासे थांबले होते, अंगावर पिवळ्या रेघा आणि पाठीवर शेपटीच्या थोडं अलीकडे एक काळा ठिपका, कोणी शाईचं बोट लावावं तसा. गाइड म्हणाला स्नॅपर. म्हणजे आपल्या तांबोशीच्या गोतातला. तो ठिपका माझ्या लक्षात राहिला, का ते तेव्हा कळलं नाही.

मग हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. सकाळी एलिफंट बीच. याबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की शंभरेक माणसं एकाच वेळी लाइफ जॅकेट घालून पाण्यात, स्पीडबोटींचा आवाज, पेट्रोलचा वास, आणि कोरलवर पाय देऊन उभी राहिलेली माणसं. मला तिथे रडू यायचं बाकी होतं. दुपारी फ्री टाइम होता, सगळे झोपले, आई म्हणाली चल जरा चालून येऊ.

तीन नंबरचा किनारा, गोविंदनगर. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, त्यामुळे उधाणाची ओहोटी, समुद्र इतका आत गेलेला की बोटी वाळूवर कलंडून पडलेल्या. आमच्याच ग्रुपमधल्या दोघीजणी वरून बघून "शी, चिखल आहे नुसता, बीच कुठाय?" म्हणून परत फिरल्या. आईने साडी वर खोचली, चपला हातात घेतल्या आणि सरळ आत चालायला लागली. साठी उलटून गेलेली बाई. म्हणाली, "अगं हे तर आपलं खाजण."

खाजण नव्हतं ते. पायाखाली वाळू-चिखल होता आणि त्यावर हिरवं गवत, खरंखुरं गवत, बोटभर लांब, पट्टीसारख्या पानांचं, घोट्याएवढ्या पाण्यात एका बाजूला निजलेलं. मला वाटलं शेवाळ. तिथे एक बंगाली दादा बोटीचा दोर नीट करत होते, पन्नाशीचे, त्यांचे वडील पूर्व बंगालमधून इथे आले होते, हॅवलॉकच्या जुन्या वस्तीतली बहुतेक घरं तशीच. मी गवतावरून चालतेय बघून ते ओरडले, "दीदी, घास पे नहीं, बालू पे चलो." मला आधी राग आला, म्हटलं गवतावर काय. ते उठून आले, माझ्या हातातला स्नॉर्कलिंगचा मास्क घेतला, पाण्यावर नुसता टेकवला आणि म्हणाले, "इसमें से देखो."

मी गुडघ्यावर बसून बघितलं. पहिल्यांदा काहीच नाही, नुसती पानं. एकेका पानावर बारीक तपकिरी लव, त्यावर मोहरीएवढ्या गोगलगाई. मग डोळे सरावले आणि पानांच्या मधली जागा हलायला लागली. काचेसारख्या कोळंब्या, ज्यांचे फक्त डोळे दिसतात. पानासारखाच हिरवा, पानासारखाच उभा राहिलेला एक लांबट मासा, मी त्याला दोनदा पान समजले. आणि मग एका पानाच्या बुंध्याशी, बोटाच्या पेराएवढा एक मासा, पिवळसर रेघा, आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे काळा ठिपका.

तोच ठिपका! दोन दिवसांपूर्वी जॉली बॉयला वीतभर माशावर बघितलेला. एवढासा मासा आणि त्याच्या मानाने तो ठिपका केवढा मोठा. मी आईला हाक मारली, तिनेही गुडघे टेकले, दोघींनी आळीपाळीने बघितलं, एकाच्या मागे अजून चार होते, अजून सहा होते, कुठल्या कुठल्या जातींचे, आम्ही मोजायचं सोडून दिलं. दादा म्हणाले, "ये सब बच्चा लोग है. बड़ा होके उधर जाएगा," आणि हात बाहेर फेस दिसत होता तिकडे केला, जिथे कोरलचं रीफ आहे.

मोठी होईपर्यंत ही पिल्लं इथेच राहतात का असं मी विचारलं. मग त्यांनी जेट्टीच्या बाजूला कांदळवनाची हिरवी रेघ दिसत होती ती दाखवली. भरतीला पाणी मुळांमध्ये शिरलं की ही पिल्लं तिकडे जातात, मुळांच्या जाळीत मोठा मासा घुसू शकत नाही. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो, मग पाण्याबरोबर परत इकडे गवतात. "पानी आने से उधर, पानी जाने से इधर." रोज. पेराएवढी पोरं रोज दोन वेळा हा प्रवास करतात, आणि आम्ही एसी कॅटामरानने आलो तरी दमलो म्हणून झोपलो होतो. या गवतावर डुगाँगही (समुद्रगाय) चरायला येतो, इथले जुने लोक त्याला पानी सूअर म्हणतात, अंदमानचा राज्यप्राणी आहे तो. दादांनी लहानपणी बघितलाय, अलीकडे नाही.

घरी आल्यावर मी वाचत सुटले. ते गवत म्हणजे शेवाळ नाहीच, सीग्रास, मुळं-पानं-फुलं असलेली वनस्पती, पाण्याखालीच फुलते आणि बी धरते. 2004 मध्ये पीटर मम्बी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये कॅरिबियनमधला अभ्यास छापला होता, ज्या रीफजवळ भरपूर कांदळवन आहे तिथे खाण्याच्या कित्येक माशांचं वजन दुपटीहून जास्त भरलं, आणि तिथला एक मोठा पोपटमासा कांदळवन तोडल्यावर त्या भागातून नाहीसाच झाला. फक्त तिकडे भरती-ओहोटीचा फरक अगदी कमी, त्यामुळे मुळं कायम पाण्यात असतात. आपल्याकडे मुळं दिवसातून दोनदा उघडी पडतात, म्हणून पिल्लांना गवत, खाडीचे खोलगट भाग, असं सगळं शेजारीशेजारी लागतं, एक जरी काढलं तरी साखळी तुटते. रीफवरच्या सगळ्याच माशांचं असं नसतं, कित्येक जन्मभर कोरलजवळच राहतात, पण स्नॅपर, काही हेकरू, बराकुडा यांचं बालपण बरंचसं असं जातं. लाल समुद्रात तर माशाच्या कानातल्या खड्याचा अभ्यास केलाय, त्यात तो मासा लहानपणी कुठे वाढला त्याची खूण राहते, आणि तिथले स्नॅपर किनाऱ्यावरच्या पाणथळीतून 30 किलोमीटरपेक्षा लांबच्या रीफवर गेलेले निघाले, 2012 चा अभ्यास आहे.

हे वाचताना मला ती वंडूरची बोट आठवत होती. ज्या मुळांकडे पाठ करून आम्ही गाणी म्हणत होतो, तिथे कदाचित त्या पसरट कोरलखालच्या माशांचं लहानपण गेलं असेल. तिकीट आम्ही फक्त कोरलचं काढलं होतं असं सगळ्यांना वाटत होतं.

आता जे सांगतेय ते सांगायला जड जातंय. आमच्या गावच्या खाडीला मी शाळेत असताना दाट तिवर होते, म्हणजे कांदळवनच, चिखलात निवट्या उड्या मारायच्या, जिताड्याची पिल्लं बांधाच्या उघाडीतून शेततळ्यात यायची. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका बाजूला भराव पडला, डंपरच्या डंपर, तिवर मेले. गावातल्या दोघातिघांनी तक्रार केली, सही मागायला आमच्याकडेही आले होते. मी नाही केली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, डास कमी होतील, रस्ता होईल. अंदमानात 600 चौरस किलोमीटरहून जास्त कांदळवन आहे आणि अख्ख्या महाराष्ट्रात साधारण सव्वातीनशे, त्यातला एक तुकडा माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मी गप्प बसले. तिथे गुडघ्यावर बसले असताना मला हेच आठवत होतं, आईलाही आठवत असणार, पण आम्ही त्यावर बोललो नाही.

त्या दिवशी पाणी परत आलं तेव्हा आम्ही तिथेच होतो. अंदमानात अंधार लवकर पडतो, पाच-साडेपाचला सूर्य कलला होता. भरती गवतात शिरली तसं निजलेलं एकेक पान उभं राहायला लागलं, अगदी सावकाश, आणि पाण्यावर बारीक बारीक तरंग कांदळवनाच्या दिशेने सरकायला लागले, वारा नसताना. दादा आपली बोट तरंगायची वाट बघत होते. इंजिन त्यांनी वर उचलून ठेवलं होतं, गवत संपेपर्यंत ते वल्ह्यानेच नेतात. बाकीचे नेत नाहीत, पात्याने गवताचे पट्टे उपटलेले आम्ही तिथेच बघितले. हॉटेलवर पोचलो तेव्हा ग्रुपचं जेवण सुरू झालं होतं, टूर मॅनेजर चिडला होता, आईच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल, तिने त्याला सांगितलं, "बाळा, उद्या सगळ्यांना तिकडे ने." त्याने नेलं नाही.

गेल्या रविवारी आईबरोबर मच्छी बाजारात गेले होते. नेहमीच्या मावशीकडे टोपलीत कडेला छोट्या तांबोशी होत्या, जेमतेम बोटाएवढ्या, खाडीतल्या. आम्ही त्या कायम घेतो, लहानपणापासून, रवा लावून कडक तळलेल्या. आईने एक उचलली, तळहातावर ठेवली, थोडा वेळ बघितली आणि परत टोपलीत ठेवली.

मावशी म्हणाली, "काय गं, ताजी आहे, आज पहाटेची."

"माहितीये," आई म्हणाली. "बोंबील दे."