डिस्क, वॉशर की शेल? आधी पट्टी काढा

आलेखातला एखादा भाग अक्षाभोवती फिरवून बनलेल्या घनाकृतीचं घनफळ इंटिग्रलने काढायच्या या तीन पद्धती. ‘वाय-अक्षाभोवती फिरवलंय म्हणजे शेल’ असा नियम पाठ करणारी मुलं हमखास अडकतात, कारण पद्धत नुसत्या अक्षावरून ठरत नाही. आकृतीत आधी एक बारीक पट्टी काढा. ती फिरण्याच्या अक्षाला लंब असेल तर फिरून भरीव चकती (डिस्क) किंवा मध्ये भोक असलेली चकती (वॉशर) होते, समांतर असेल तर पोकळ नळकांडं (शेल). पट्टी उभी घ्यायची की आडवी, हे मात्र समीकरण सांगतं. वाय हे एक्सच्या रूपात दिलंय आणि उलटं सोडवणं जड जातंय? मग पट्टी उभीच ठेवा.

वाय = एक्स − एक्स³ हा वक्र घ्या, एक्स ० ते १, खाली एक्स-अक्ष. हा भाग एक्स-अक्षाभोवती फिरवला तर उभी पट्टी अक्षाला लंब पडते आणि मध्ये पोकळी राहत नाही, म्हणून डिस्क. वर्ग केला की एक्स² − २एक्स⁴ + एक्स⁶. इंटिग्रल १/३ − २/५ + १/७, म्हणजे ८/१०५. घनफळ ८/१०५ पाय (π).

आता तोच भाग वाय-अक्षाभोवती फिरवू. वॉशरसाठी पट्टी आडवी लागते आणि तिची दोन्ही टोकं याच वक्रावर येतात. म्हणजे एक्स³ − एक्स + वाय = ० या त्रिघाती समीकरणाची ० ते १ मधली दोन मुळं वायच्या रूपात लिहायची! मुळं वास्तव असूनही त्रिघाती समीकरणं सोडवायच्या कार्डानोच्या सूत्रात इथे संमिश्र संख्यांची घनमुळं येतात. त्या वाटेला जाऊच नका. उभी पट्टी अक्षाला समांतर आहे: त्रिज्या एक्स, उंची एक्स − एक्स³. गुणाकार एक्स² − एक्स⁴, इंटिग्रल २/१५, त्याला २ पायने गुणलं की ४/१५ पाय. मला शेलची पद्धत सगळ्यात देखणी वाटते ती इथेच.

अक्ष सरकला तर फक्त त्रिज्या बदलते. एक्स = २ भोवती ती २ − एक्स होते आणि उत्तर ११/१५ पाय येतं. एक्स = −१ भोवती एक्स + १.

वॉशरमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे त्रिज्यांची वजाबाकी करून मग वर्ग करणं. वाय = एक्स आणि वाय = एक्स² यांमधला भाग एक्स-अक्षाभोवती फिरवला तर खरं उत्तर २/१५ पाय आहे; चुकीच्या रीतीने १/३० पाय, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा येतो. आधी दोन्ही वर्ग, मग वजाबाकी.

शेलमधली चूक सीमांची. घनाकृती −१ पासून १ पर्यंत पसरते म्हणून त्याच सीमा लावल्या जातात. पण प्रत्येक शेल अक्षाच्या दोन्ही बाजू एकदमच व्यापतं, त्यामुळे आपल्या एक्स − एक्स³ च्या वाय-अक्षाभोवतीच्या उदाहरणात उत्तर दुप्पट, ८/१५ पाय होतं. हे पकडायला बाहेरचा दंडगोल पुरतो: त्रिज्या १, वक्राची कमाल उंची सुमारे ०.३८५, घनफळ सुमारे १.२१. त्यात ४/१५ पाय, म्हणजे ०.८४, मावतं, १.६८ मावत नाही.